कोपीतलं बाळ, पातळ जुलाब आणि पहाटे चार ते दुपारी बारा

पत्र: "आमच्या शेताच्या कडेला दिवाळीपासून ऊसतोड कामगारांच्या बावीस कोप्या (पाचटाच्या झोपड्या) आहेत. टोळी बीडकडची. त्यातल्या एका अकरा महिन्यांच्या मुलीला चार दिवसांपूर्वी पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. आई-बाप पहाटे चारला फडात जातात ते बाराच्या पुढेच येतात. तोवर बाळ आठ वर्षांच्या बहिणीकडे असतं. जवळच्या एका डॉक्टरांनी एक सलाईन लावली, एक पातळ औषध दिलं आणि जुलाब बंद व्हायला रोज अर्धी गोळी सांगितली. दुकानातून ओआरएस लिहिलेलं संत्र्याच्या चवीचं पाकीट आणून पाजलं, तर जुलाब वाढलेच. आजी म्हणते दात येतायत, दूध तोडा. आता आणखी तीन मुलांना तसंच होतंय आणि एका पोराला ताप येऊन अंगावर पुरळ आलंय. मी घरात काय ठेवू? दवाखान्यात कधी पळवायचं? पाण्याचं काय करू? – एक वाचक, सातारा जिल्हा"

ताई,

आधी त्या अर्ध्या गोळीचा निकाल लावू. ती आजपासून बंद. पाकिटावरचं नाव वाचा. जुलाब बंद करायच्या गोळीत बहुतेक वेळा लोपेरामाइड असतं. ते आतड्याची हालचाल मंद करतं, संसर्गावर मात्र त्याचा काही उपाय नाही. संडास दिसायची थांबते, पाणी पोटातच साठत राहतं, पोट फुगतं, बाळ गुंगीत जातं आणि घरच्यांना वाटतं गुण आला. पाच वर्षांखालच्या मुलाला हे औषध द्यायचंच नसतं. पातळ औषधाच्या बाटलीवर अँटिबायोटिकचं नाव असेल तर ते कशासाठी दिलंय, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. या वयातले पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात आणि त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. संडासात रक्त दिसलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा अँटिबायोटिक लागतं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

जुलाबात मूल दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून आपलं काम जुलाब थांबवायचं नाही, गेलेलं भरून काढायचं आहे. तीन ते सात दिवसांत जुलाब आपोआप ओसरतात. तेवढे दिवस बाळाला कोरडं पडू दिलं नाही की निम्म्याहून अधिक लढाई जिंकली. हे आईला पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर "ओआरएस दिलं तरी संडास होतेच आहे" म्हणून ती दुसऱ्या दिवशी सोडून देते. ओआरएसनं संडास थांबत नाही, त्याचं ते कामच नाही.

आता बाळाकडे जा आणि चार गोष्टी बघा. ती कशी आहे: खेळते, किरकिर करते की मलूल पडली आहे? डोळे खोल गेलेत का? आईला विचारा, कारण नेहमीचे डोळे तिलाच माहीत. पाणी पुढे केल्यावर हावरटासारखी पिते, नेहमीसारखी पिते की तोंडच लावत नाही? चौथी गोष्ट चिमटा. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध पोटाच्या कातडीची उभी घडी धरायची, क्षणभर थांबून सोडायची. लगेच सपाट झाली तर ठीक. सावकाश बसली तर पाणी कमी पडलंय. दोन सेकंदांहून जास्त घडी उभी राहिली तर परिस्थिती गंभीर आहे. अकरा महिन्यांच्या बाळाची टाळू खाली बसलेली दिसली तर तीही पाणी कमी झाल्याचीच खूण. टाळूवर तेल जिरवल्यानं ती वर येत नाही, पाणी पाजल्यानं येते. फार वाळलेल्या मुलात मात्र हा चिमटा फसवतो, त्याबद्दल पुढे सांगते.

यांतलं काहीच नसेल, बाळ खेळत असेल, तर घरी उपचार चालतो. प्रत्येक पातळ संडासानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली ओआरएस, दोन ते पाच वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली. कोपीतली रोजची वाटी एकदा मापून घ्या, म्हणजे "अर्धी वाटी" म्हणजे किती ते कळेल.

बाळ किरकिरं आहे, डोळे खोल गेलेत, हावरटासारखं पितंय, चिमटा सावकाश बसतोय, यांतल्या कोणत्याही दोन खुणा दिसल्या तर प्रमाण बदलतं: वजनाच्या दर किलोला ७५ मिली, चार तासांत. मुलगी आठ किलोची असेल तर ६०० मिली. म्हणजे तासाला १५० मिली, म्हणजे दर दोन मिनिटांना ५ मिलीचा एक चमचा. हे चार तास प्राथमिक आरोग्य केंद्रात, सिस्टरच्या नजरेखाली गेले तर उत्तम. पण ओआरएस सुरू करायला तिथं पोचायची वाट बघायची नाही. गाडीत बसल्यावर, रस्त्यातही चमचा चालूच ठेवायचा. चार तासांनी त्याच चार गोष्टी पुन्हा बघायच्या.

मलूल, उठवूनही नीट न उठणारं, पिता न येणारं किंवा पाजलेलं सगळंच उलटून टाकणारं, दोन सेकंदांत घडी न बसणारं मूल असेल तर १०८. इथं सलाईनच लागते आणि ती रुग्णालयात लागते. पिऊ शकणाऱ्या मुलाला मात्र सलाईनची गरज नसते. एक बाटली लावून घरी पाठवलं की आईला वाटतं आता दोन दिवस बघायला नको, आणि पुढच्या चार संडासांत त्या बाटलीतलं निम्मं निघून गेलेलं असतं. सलाईन लावली असली तरी तोंडानं ओआरएस सुरूच राहिलं पाहिजे.

ओआरएस म्हणजे सरकारी भाषेत जलसंजीवनी. सध्याच्या २०.५ ग्रॅमच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं, आणि ते बरोबर एक लिटर पाण्यासाठी असतं. आतड्याच्या अस्तरात एक वाट अशी आहे की तिथून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनंच आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. जुलाबातही ही वाट शाबूत राहते, म्हणून तर हा उपाय चालतो. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला तेव्हा बनगावच्या छावणीत सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून नातेवाइकांच्याच हातून पाजायला लावलं, आणि तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. चिखलातल्या छावणीत, शिकाऊ हातांनी. कोपी त्याहून वाईट जागा नाही.

बिघडतं ते माप. एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर मिठाचं प्रमाण धोक्याइतकं वाढतं, जुलाब वाढतात आणि मेंदूवर परिणाम होऊन झटकेही येऊ शकतात. दोन लिटरमध्ये कालवली तर ते फक्त बेचव पाणी. "एकदा पुरतं थोडं करू" म्हणून पाव पुडी अंदाजानं काढणं सगळ्यात वाईट, कारण पुडीतले घटक एकसारखे मिसळलेले असतीलच असं नाही. पूर्ण पुडी, पूर्ण एक लिटर. लहान, २०० मिलीच्या पुड्याही मिळतात, म्हणून पुडीवर किती पाणी लिहिलंय ते दर वेळी वाचा. तांब्यावर भरवसा ठेवू नका, तांबे वेगवेगळ्या मापाचे असतात. पिण्याच्या पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली हेच तुमचं माप. पाणी आधी शुद्ध करून, गार करून मग पुडी घालायची. मिसळल्यावर उकळायचं नाही. वरून साखर, दूध, रस काही नाही. झाकून ठेवायचं आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.

दुकानातल्या त्या संत्र्याच्या पाकिटानं जुलाब का वाढले? अशा पेयांत साखर ओआरएसच्या कितीतरी पट असते आणि मीठ नावापुरतं. जास्तीची साखर आतड्यात उलट पाणी खेचून आणते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. तरी गावाकडच्या दुकानांत जुना माल राहू शकतो. तयार प्यायचं, फळाच्या चवीचं आणि शीतपेयांच्या फ्रीजमधलं पाकीट दिसलं की मागे ठेवायचं. कोला, चहा, नुसतं ग्लुकोज पावडरचं पाणी यांचंही तेच.

पुडी हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. सपाट म्हणजे सुरीनं वरचं काढून टाकलेला चमचा. चव अश्रूंइतपत खारट, त्याहून जास्त नको. याहून सोपी भाताची पेज: पातळ, लिटरला अर्धा छोटा चमचा मीठ घालून. पातळ ताक मीठ घालून, वरणाचं पाणी, हेही चालतं. पण यात पोटॅशियमचं मोजमाप नसतं, तेव्हा पुडी मिळताच पुडीवर यायचं.

उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग पुन्हा सुरू करा, आधीपेक्षा सावकाश. "पाजलं की ओकते" अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा पेल्यानं किंवा बाटलीनं भराभर पाजलेलं असतं. चमच्यानं किंवा बोंडल्यानं (चोचीच्या छोट्या वाटीनं) दिलं की बरंचसं पोटात राहतं. दुधाच्या बाटलीचं रबरी बूच कोपीत कधीच नीट स्वच्छ होत नाही, ती बाटली काढूनच घ्या. बोंडलं गरम पाण्यानं धुता येतं.

आता पहाटे चार ते दुपारी बारा. आमच्या मते या पत्रातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. ओआरएस वाया जातं ते पाककृती न कळल्यामुळे कमी, आणि दर दोन मिनिटांनी चमचा धरणारा हात नसल्यामुळे जास्त. त्यासाठी निघायच्या आधी आईनं एक लिटर तयार करून ठेवायचं. बाटलीला बाहेरून चिकटपट्टीच्या खुणा लावा: आठ वाजेपर्यंत इथवर, दहापर्यंत इथवर. बहिणीला घड्याळ कळत नसेल तर संडास झाली की अर्धी वाटी, एवढंच शिकवा, आणि वाटीलाही आतून खूण करा. चमच्यानं पाजायला आठ वर्षांची मुलगी शिकते. पण धोका ओळखायची जबाबदारी तिच्यावर टाकायची नाही. तिला फक्त दोन गोष्टी सांगा, "बाळ पीत नसेल किंवा हाक मारून उठत नसेल तर पळत माझ्याकडे ये." बाकी बघायला मोठं माणूस हवं. (ही मुलगी शाळेत असायला हवी, हे तुम्हालाही कळतं. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत स्थलांतरित मुलांना हंगामापुरता प्रवेश मिळतो. आजचं जुलाबाचं निस्तरलं की मुख्याध्यापकांशी बोला.)

मुकादमाशी (टोळी आणणाऱ्या ठेकेदाराशी) बोलताना दयेची भाषा वापरू नका, हिशेबाची वापरा. बाळ रुग्णालयात दाखल झालं तर आख्खा कोयता (तोडणीची नवरा-बायकोची जोडी) आठवडाभर मोडतो. त्याऐवजी रोज एका बाईनं पाळीनं कोप्यांवर थांबायचं, तिचा खाडा धरायचा नाही आणि तिनं चारही आजारी मुलांकडे बघायचं. एवढं जमलं नाही तर निदान या मुलीच्या आईला पहिले दोन दिवस थांबू द्यावं. चार मुलं एकदम आजारी असताना मुकादमालाही हे पटतं, कारण पुढचा आजारी त्याचाच माणूस असू शकतो.

आजीचं म्हणणं आता. दात याच वयात येतात आणि रांगणारं मूल याच वयात मातीतली प्रत्येक वस्तू तोंडात घालतं. दोन्ही एकदम घडतं म्हणून दाताच्या माथी जुलाब मारले जातात. आजीशी वाद घालू नका, तिला एक काम द्या: अंगावरचं दूध जास्त वेळा. अंगावरचं दूध कधीच तोडायचं नाही. आई फडात असताना काढलेलं दूध, स्वच्छ धुतलेल्या स्टीलच्या भांड्यात झाकून, थंडीत तीन-चार तास टिकतं. उन्हाळ्यात त्याहून कमी. किंवा मुलीला फडाजवळ सावलीत नेऊन पाजायचं. बाहेरचं खाणं: मऊ भात-वरण, ज्वारीची पातळ कण्या-पेज, कुस्करलेलं केळं, खिचडीवर एक चमचा तेल. थोडं थोडं, पाच-सहा वेळा. बरं झाल्यावर दोन आठवडे रोजच्यापेक्षा एक जेवण जास्त. उपाशी ठेवल्यानं आतड्याचं अस्तर लवकर भरत नाही, मूल वाळतं, आणि वाळलेल्या मुलाला पुढचा जुलाब जास्त दिवस पुरतो. पोटावर डाग (चटका) द्यायची कुणी भाषा केली तर मात्र तिथं ठाम नाही म्हणा.

झिंक विसरलं जातं म्हणून वेगळं सांगते. विरघळणारी २० मिलीग्रॅमची गोळी, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला रोज एक. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी. चमच्यात थोडं आईचं दूध किंवा शुद्ध पाणी घ्यायचं, गोळी टाकायची, मिनिटाभरात विरघळते. चौदा दिवस द्यायची. तिसऱ्या दिवशी संडास बांधली की घरचे बंद करतात, आणि तिथंच फायदा निम्मा होतो, कारण पुढच्या दोन-तीन महिन्यांत जुलाब पुन्हा होऊ नयेत म्हणून ते उरलेले दिवस असतात. चव धातूसारखी लागते, काही मुलं ओकतात. अर्ध्या तासाच्या आत ओकलं तर पुन्हा एक द्या. जमल्यास काही खाल्ल्यावर द्या. भिंत नसलेल्या कोपीत कॅलेंडर टांगता येत नाही, म्हणून चौदा गोळ्या मोजून एका डबीत ठेवा. डबी रिकामी झाली की काम झालं.

घरी थांबायचं नाही अशा आणखी काही वेळा: संडासात रक्त. अंगात भरपूर ताप. आठ तासांत लघवी नाही. दोन महिन्यांखालचं बाळ, मग बाकी सगळं कितीही ठीक दिसो. चौदा दिवस उलटूनही जुलाब चालूच. आणि दंडाचा घेर. अंगणवाडीत रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित आहे. चिमट्याचं मघाशी म्हटलं ते इथं लागू होतं: अशा मुलाची कातडी पाणी पुरेसं असतानाही सैल असते, डोळेही खोलच असतात, म्हणून खुणा खोटं बोलतात. भराभर ओआरएस पाजलं तर हृदयावर ताण येऊ शकतो. त्याला कोपीत नाही, पोषण पुनर्वसन केंद्र असलेल्या रुग्णालयात न्यायचं. चारही मुलांचे दंड उद्याच मापून घ्या.

एकाच ठिकाणी चार मुलं म्हणजे पाणी. आज उपकेंद्राच्या सिस्टरला किंवा आशाताईंना कळवा, तोंडी नाही, फोन करून किंवा संदेश पाठवून, म्हणजे तारीख राहते. आणि पाच वर्षांहून मोठ्या कुणाला तांदळाच्या धुवणासारखे धो-धो जुलाब झाले तर त्याच तासाला आरोग्य केंद्राला कळवायचं. तो कॉलरा असू शकतो आणि मोठं माणूसही काही तासांत जातं.

पत्रात पाणी कुठून येतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. शेतातली विहीर किंवा कॅनॉल असेल असं धरून चालू. उकळणं चांगलंच. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं. पण पाचटावर आणि वाढ्यांवर चूल पेटवणाऱ्या बाईला दिवसाचं वीस लिटर पाणी उकळायला सांगणं म्हणजे न होणारं काम सांगणं. ओआरएसचं एक लिटर आणि बाळाचं पिण्याचं उकळा, बाकीच्याला क्लोरीन.

ग्रामपंचायतीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर असते, जलसुरक्षकाकडे मागा. ताज्या, ३३ टक्के क्लोरीनच्या पावडरीचे ३० ग्रॅम वजन करून एक लिटर पाण्यात ढवळा, प्लास्टिकच्या भांड्यात, धातूच्या नाही. तासाभरानं चुना खाली बसतो. वरचं नितळ पाणी गडद रंगाच्या बाटलीत भरा, त्यावर मोठ्या अक्षरांत "पिऊ नये" लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. हे सुमारे एक टक्क्याचं द्रावण झालं. दोनशे लिटरच्या बॅरलला याचे ४० मिली, वीस लिटरच्या भांड्याला ४ मिली, म्हणजे एक छोटा चमचा जरा कमी. ढवळून अर्धा तास थांबायचं, मग प्यायचं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, चौपदरी फडक्यानं गाळा आणि द्रावण दुप्पट घाला. कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. आठवड्यानं द्रावण नवीन करा. पावडरीचं पोतं उघडं राहिलेलं असेल तर तिचा जोर गेलेला असतो, तेव्हा खात्री ओटी चाचणीनं करायची: पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे (ओटी) थेंब टाकल्याबरोबर पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, काहीच रंग नाही आला तर नाही. हा संच जलसुरक्षकाकडेच असतो. एवढं करून त्याच बॅरलमध्ये कुणी हातासकट तांब्या बुडवला तर सगळं वाया, म्हणून लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचं बॅरल.

लहान मुलाची शी निरुपद्रवी असते असा समज आहे. खरं तर आजारी बाळाच्या शीमध्येच सगळ्यात जास्त जंतू असतात. ती कोपीमागे टाकायची नाही, खड्ड्यात मातीखाली पुरायची. आणि साबण: शी धुतल्यावर, भरवायच्या आधी, ओआरएस कालवायच्या आधी. साबणाची वडी जाळीच्या पिशवीत घालून बॅरलशेजारी टांगली की हरवत नाही.

आता पुरळ. ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे, आणि कानामागून किंवा चेहऱ्यावरून सुरू होऊन खाली उतरणारं पुरळ असेल तर गोवर धरूनच चालायचं आणि आजच आरोग्य केंद्राला कळवायचं. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून ते नंतर चार दिवसांपर्यंत तो पसरतो, हवेतून, फार वेगानं. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीच्या दाट वस्त्यांमध्ये, तसंच भिवंडी-मालेगावात, लस चुकलेल्या मुलांमध्ये तो असाच पसरला आणि मुलं दगावली. ती गेली बहुतेक गोवरानंतरच्या न्यूमोनियासारख्या गुंतागुंतीनं, कारण गोवर पुढचे कितीतरी आठवडे शरीराची प्रतिकारशक्ती पाडून ठेवतो. आजारी मुलाला अ जीवनसत्त्वाचे दोन डोस, लागोपाठच्या दोन दिवशी मिळायला हवेत: वर्षावरच्याला दोन-दोन लाख युनिट, सहा ते अकरा महिन्यांच्याला एक-एक लाख. ते आरोग्य केंद्रात मिळतात. "देवी आली" म्हणून आंघोळ आणि अन्न बंद करण्याची प्रथा टोळीत असेल, तर कडुलिंबाचा पाला राहू द्या, उपास राहू देऊ नका.

खोकणाऱ्या मुलाचा श्वास मोजा, शांत असताना, पूर्ण एक मिनिट. दोन ते अकरा महिन्यांत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त असेल, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, तर तो न्यूमोनिया समजून लगेच न्यायचं.

लसींचं कार्ड बीडला राहिलंय, हे उत्तर तुम्हाला हमखास मिळेल. गावाकडच्या कुणाकडून तरी त्याचा फोटो मोबाइलवर मागवा. कार्ड अजिबातच नसेल तरी लस नाकारायची नसते, गोवर-रुबेलाचा एखादा डोस जास्त झाला तर अपाय नाही. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत, आणि पाच वर्षांपर्यंत राहिलेले दोन्ही एक महिन्याच्या अंतरानं घेता येतात. नऊ महिन्यांवरच्या, लस न झालेल्या सगळ्या मुलांची यादी करून सिस्टरला द्या. संपर्कात आल्यापासून ७२ तासांत लस मिळाली तर आजार टळूही शकतो, म्हणून पुढच्या लसीकरण सत्राची वाट बघायला नको, कोप्यांवरच सत्र लावायला सांगा. अंगणवाडी सेविकेलाही या मुलांची नावं द्या. आहार आणि वजनासाठी मूल त्याच गावचं असावं लागत नाही.

घरात ठेवायचं ते असं: एक लिटरच्या ओआरएसच्या वीस पुड्या, आत्ताच्या चार मुलांसाठी झिंकच्या ५६ गोळ्या आणि वर दोन पट्ट्या, ५ मिलीचा मापाचा चमचा, थर्मामीटर, सेकंदकाटा असलेलं घड्याळ. ओआरएस आणि झिंक आशाताईंकडे आणि उपकेंद्रात फुकट मिळतं. अँटिबायोटिक ठेवू नका, कुणी मागितलं तरी देऊ नका.

आणि या मुलीसाठी एक घाई आहे. तिला रोटाव्हायरसची लस झाली आहे का, ते कार्डावर बघा. हे थेंब दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना देतात, पण राहून गेले असतील तर पहिला डोस वर्ष पूर्ण व्हायच्या आत घ्यावा लागतो. तो वेळेत मिळाला तर पुढचे दोन चार-चार आठवड्यांनी वर्षानंतरही मिळतात. ती अकरा महिन्यांची आहे. जुलाब ओसरताच, झिंकच्या गोळ्या चालू असतानाच, वाढदिवसाआधीच्या पहिल्या सत्राला तिला घेऊन जा. त्याच दिवशी गोवर-रुबेलाचा डोस राहिला असेल तर तोही द्यायला सांगा आणि तिचं वजन कार्डावर लिहून घ्या.